कबुली आणि मुदतवाढ



सत्तेवर बसलेला माणूस एक दिवस म्हणतो, "माझ्या हातून चुका झाल्या. आता मीच त्या दुरुस्त करतो." हे ऐकल्यावर आपण काय करायचे, एवढाच माझा आजचा विषय आहे. आपण भारतीय माणसे अशा वाक्याने विरघळतो. नेता चूक मान्य करतो याचेच आपल्याला इतके अप्रूप, की त्यापुढचे काही विचारणे आपल्याला अप्रशस्त वाटते. माझे म्हणणे असे आहे, की खरे प्रश्न त्या कबुलीनंतरच सुरू होतात. ते आपण विचारले नाहीत, तर कबुली ही पदावर राहण्यासाठी मागितलेली मुदतवाढ ठरते.

यासाठी मी श्रीलंकेचे उदाहरण घेतले आहे. तिथली शेती आपल्याला समजते, तिथले घराणेशाहीचे राजकारणही समजते. शिवाय ही गोष्ट कबुलीवर थांबलेली नाही. ती रस्त्यावर गेली, न्यायालयात गेली आणि मतपेटीपर्यंत पोहोचली.

१८ एप्रिल २०२२. कोलंबोत राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी सतरा जणांच्या नव्या मंत्रिमंडळाला शपथ दिली. आधीच्या मंत्रिमंडळाने ३ एप्रिलच्या रात्री राजीनामे दिले होते. १२ एप्रिलला सरकारने परकीय कर्जाचे हप्ते थांबवत असल्याचे जाहीर केले होते. स्वातंत्र्यानंतर श्रीलंकेवर ही वेळ पहिल्यांदाच आली होती. मार्चअखेर तेरा तेरा तास वीज गेली होती, पेट्रोल पंपांवरच्या रांगांत माणसे दगावली होती आणि कागद नाही म्हणून पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या होत्या. गॉल फेसच्या मैदानावर तंबू ठोकून तरुण मुले बसली होती आणि राष्ट्राध्यक्षांना घरी जायला सांगत होती.

त्या दिवशी नव्या मंत्र्यांसमोर राजपक्षे बोलले. कोविड आणि कर्जाच्या बोज्याबरोबरच आमच्याही काही चुका झाल्या, असे त्यांनी मान्य केले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे आधीच जायला हवे होते, रासायनिक खते बंद करायला नको होती, असे सांगितले. या चुका दुरुस्त करून लोकांचा विश्वास परत मिळवू, असेही म्हणाले. जगभरच्या वृत्तपत्रांनी ती बातमी ठळक छापली. दुसऱ्याच दिवशी, १९ एप्रिलला, रंबुक्कना या गावी इंधन दरवाढीविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि एक माणूस मेला.

आता त्या चुकांकडे पाहू. करांची गोष्ट थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये ५२ टक्क्यांहून अधिक मते घेऊन राजपक्षे निवडून आले आणि काही दिवसांतच त्यांनी मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. वर्षाला १ कोटी २० लाख श्रीलंकन रुपयांची उलाढाल असलेल्यांनी हा कर भरायचा, हा नियम बदलून ती मर्यादा थेट ३० कोटींवर नेली. आणखी काही कर रद्दच केले. देशाच्या उत्पन्नाच्या ११ टक्क्यांहून जास्त असलेला करमहसूल पुढच्या वर्षी ८ टक्क्यांच्या आसपास आला. त्यावर कोविड आला, पर्यटन बुडाले, परकीय कर्ज मिळेनासे झाले. २०१९ च्या अखेरीस साडेसात अब्ज डॉलरच्या वर असलेली परकीय चलनाची गंगाजळी मे २०२२ मध्ये इतकी आटली, की प्रत्यक्ष वापरता येतील असे पाच कोटी डॉलरही शिल्लक नाहीत, असे खुद्द अर्थमंत्र्यांनी सांगितले. आणि हे दिसत असतानाही जानेवारी २०२२ मध्ये ५० कोटी डॉलरचे रोखे पूर्ण रकमेने फेडण्यात आले. औषधाला डॉलर नव्हते, रोखेधारकांना होते.

खतांच्या गोष्टीवर मात्र मला थांबायचे आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी शेती आहे. खत वेळेवर मिळाले नाही तर काय होते, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे.

राजपक्षे यांच्या जाहीरनाम्यात सेंद्रिय शेतीकडे जाण्याचे वचन होते आणि त्यासाठी दहा वर्षांची मुदत धरलेली होती. सेंद्रिय शेतीवर माझा विश्वास आहे. सावकाश, गावागावांत प्रयोग करत, शेणखत आणि कंपोस्टची सोय आधी करून, दहा वर्षांत ते काम काही प्रमाणात झालेही असते. प्रत्यक्षात एप्रिल २०२१ मध्ये निर्णय झाला आणि मेच्या पहिल्या आठवड्यात राजपत्र निघाले: रासायनिक खते आणि कीटकनाशकांच्या आयातीवर बंदी. दहा वर्षांचा प्रवास एका रात्रीत उरकला. कारण लोकांच्या आरोग्याचे सांगितले गेले. पण त्याच सुमाराला डॉलर संपत चालले होते, आणि २०२० मध्ये खतांच्या आयातीवर सुमारे २६ कोटी डॉलर खर्च झाले होते. ते वाचवण्याचा मोह या निर्णयामागे होता, असे तिथल्या अर्थतज्ज्ञांनी तेव्हाच म्हटले आणि मला ते पटते. ज्या चहाच्या निर्यातीतून तेव्हा वर्षाला सव्वाशे कोटी डॉलरच्या आसपास येत होते, त्या चहाच्या मळ्यांचेही खत त्याच राजपत्राने बंद झाले.

श्रीलंकेत भाताचे दोन हंगाम. एप्रिल-मेच्या सुमारास सुरू होतो तो यल, आणि ऑक्टोबरच्या पावसावर उभा राहतो तो महा. महा हाच मोठा. यल हंगामात शेतकऱ्यांनी साठवलेले किंवा दुकानात उरलेले खत वापरून वेळ मारून नेली. महाच्या पेरणीला खत नव्हते. देशात तयार होणारे कंपोस्ट गरजेच्या जवळपासही पोहोचत नव्हते. शेतकरी रस्त्यावर आले, कृषिमंत्र्यांचे पुतळे जाळले. मग सरकारची धावपळ सुरू झाली. आपल्या इफ्कोचे नॅनो नत्रखत विमानाने मागवले. चीनच्या एका कंपनीकडून सेंद्रिय खत घेण्याचा करार केला. त्याचे वीस हजार टन घेऊन जहाज निघाले आणि तिथल्या वनस्पती संगरोध विभागाने नमुने तपासले, तर त्यात पिकांना घातक जिवाणू सापडले. सरकारने माल नाकारला. कंपनी भांडली, चिनी वकिलातीने श्रीलंकेच्या सरकारी बँकेला काळ्या यादीत टाकले. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये, एक पोतेही न उतरवता, श्रीलंकेने त्या कंपनीला जवळपास सत्तर लाख डॉलर दिले. डॉलर वाचवण्याच्या मोहापोटी घेतलेल्या निर्णयाचा हा शेवट.

नोव्हेंबर २०२१ मध्ये बंदी उठली. पण तोवर जगाच्या बाजारात युरियाचे भाव कडाडले होते आणि सरकारकडे अनुदानाला पैसा नव्हता. महाची पेरणी होऊन गेली होती. पीक घसरले, तांदळात स्वयंपूर्ण झालेल्या देशाला तांदूळ बाहेरून आणावा लागला. दहा लाखांहून जास्त भातशेतकऱ्यांना भरपाई म्हणून चार हजार कोटी रुपये सरकारने जाहीर केले. सरकारची तिजोरी म्हणजे लोकांचेच पैसे, हे वेगळे सांगायला नको.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. ही चूक होती का? समजून-उमजून, सल्ला धुडकावून केलेल्या गोष्टीला मी चूक म्हणायला तयार नाही. पेराडेणिया विद्यापीठातले कृषिशास्त्रज्ञ प्राध्यापक बुद्धी मारांबे यांनी या बंदीवर उघड टीका केली, तर कृषी मंत्रालयाच्या समित्यांवरून त्यांना दूर करण्यात आले. चहा व्यवसायातले जुने जाणकार हर्मन गुणरत्ने हे तर राष्ट्राध्यक्षांनीच सेंद्रिय शेतीसाठी निवडलेल्या तज्ज्ञांपैकी एक. बंदी अशीच राहिली तर चहाचे उत्पादन निम्म्यावर येऊ शकते, असा इशारा त्यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये दिला. डिसेंबरात कृषी मंत्रालयाचे सचिव उदित जयसिंघे यांनी पुढे अन्नटंचाई येऊ शकते असे जाहीरपणे सांगितले. काही तासांत त्यांची खुर्ची गेली.

म्हणजे एप्रिल २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ज्या गोष्टीला चूक म्हणाले, तीच गोष्ट चार महिन्यांपूर्वी सांगणाऱ्या सचिवाला त्यांनी घरी पाठवले होते. कबुलीच्या भाषणात या माणसाचा उल्लेख हवा होता. मारांबे यांना परत बोलावतो, असे एक वाक्य हवे होते. कोणी कधी काय सांगितले आणि मी ते का ऐकले नाही, याचे कागद उद्या संसदेपुढे ठेवतो, असे हवे होते. यातले काही झाले असते तर ती कबुली मी डोक्यावर घेतली असती. झाले एवढेच, की चूक कोठून तरी आपोआप घडली आणि आता तिच्यावर इलाज करायला तेच डॉक्टर हजर आहेत, असे चित्र उभे राहिले.

आपल्याकडे एखाद्या पतपेढीचा चेअरमन ठेवी बुडीत कर्जात घालतो आणि वार्षिक सभेत उभा राहून म्हणतो, कर्जदार माझ्या ओळखीचे आहेत, वसुली मीच करू शकतो, मला आणखी एक मुदत द्या. सभेतले निम्मे लोक घाबरून हात वर करतात. हा गेला तर आपले पैसेही गेले, ही ती भीती. आपल्याच बेजबाबदारीतून उभे राहिलेले संकट हेच आपल्या टिकून राहण्याचे कारण म्हणून पुढे करायचे, ही युक्ती लहान संस्थेत चालते आणि राष्ट्रातही चालते.

जून २०२२ मध्ये एका परदेशी वृत्तसंस्थेला मुलाखत देताना राजपक्षे यांनी हेच सांगितले. आपल्याला पाच वर्षांसाठी कौल मिळाला आहे, उरलेली दोन वर्षे पूर्ण करू, पुन्हा उभे राहणार नाही, पण अपयशी राष्ट्राध्यक्ष म्हणून जाणार नाही. त्या महिन्यात कोलंबोच्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या जात होत्या. इतिहासात आपली नोंद कशी होईल याची काळजी माणसाला असते, ती असण्यात गैर नाही. पण त्या नोंदीसाठी सव्वादोन कोटी लोकांनी आणखी दोन वर्षे मोजावीत, ही मागणी मला अत्यंत निर्दय वाटते.

पदावर राहण्यात आणखी एक गोष्ट असते, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. श्रीलंकेच्या राज्यघटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्ष पदावर असेपर्यंत त्यांच्यावर व्यक्तिशः खटला चालवता येत नाही. म्हणजे जोवर "मीच दुरुस्त करतो" चालू, तोवर जबाब देणे नाही. मेमध्ये राष्ट्राध्यक्षांचे अधिकार कमी करण्याचे वचनही त्यांनी देऊन पाहिले. ते अधिकार ऑक्टोबर २०२० मध्ये विसाव्या घटनादुरुस्तीने त्यांनीच वाढवून घेतले होते.

मला कोणी विचारेल, मग नेत्याने चूक कबूलच करू नये का? तो कबूल करतो तर तुम्ही त्याला झोडपता, आणि उद्या कोणीच कबूल करणार नाही. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो गंभीरपणे घेतो. चूक मान्य करणारा नेता हा न करणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा. पण कबुली कोणासमोर दिली, याला महत्त्व आहे.

याचा एक दाखला आपल्या महाराष्ट्रातला आहे. आणीबाणीनंतर सत्ता गेलेल्या इंदिरा गांधी २४ जानेवारी १९७८ रोजी यवतमाळला आल्या आणि जाहीर भाषणात त्यांनी आणीबाणीतल्या अतिरेकाची जबाबदारी स्वीकारली. विदर्भातल्या त्या सभेची दखल देशभर घेतली गेली. त्याच महिन्यात दिल्लीत आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगासमोर शपथ घेऊन साक्ष द्यायला मात्र त्यांनी नकार दिला होता. व्यासपीठावरून कोणी उलट प्रश्न विचारत नाही. आयोगासमोर विचारतात. कोणत्या तारखेला, कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या कागदावर सही केली, हे तिथे सांगावे लागते. यवतमाळच्या सभेत जे दिले ते लोकांनी कृतज्ञतेने घेतले. मलाही त्याचे मोल कमी करायचे नाही. पण तुरुंगात खितपत पडलेल्या आणि सक्तीने नसबंदी झालेल्या माणसांना ज्या उत्तरांचा हक्क होता, ती उत्तरे त्या सभेत मिळणार नव्हती.

श्रीलंकेत पुढे काय झाले ते तुम्ही दूरदर्शनवर पाहिले आहे. ९ मे रोजी पंतप्रधान महिंद राजपक्षे यांच्या समर्थकांनी आंदोलकांवर हल्ला केला, देशभर हिंसा उसळली, महिंद यांनी राजीनामा दिला. ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी शिरले. १३ जुलैला गोटाबाया हवाई दलाच्या विमानाने मालदीवला आणि तिथून सिंगापूरला गेले. राजीनामा ईमेलने आला.

दुरुस्ती मग दुसऱ्यांनी केली. तिची किंमत कोणी दिली, ते पाहा. मूल्यवर्धित कर आधी १२ टक्के, मग १५ आणि जानेवारी २०२४ पासून १८ टक्के झाला. २०१९ मध्ये सवलत मिळाली तेव्हा तिचा मोठा लाभ मोठी उलाढाल असणाऱ्यांना झाला होता. परतफेड मात्र साबण आणि वह्या विकत घेणाऱ्यांनी केली. सप्टेंबर २०२२ मध्ये कोलंबोतली अन्नधान्याची महागाई वर्षाला जवळजवळ ९५ टक्क्यांवर गेली. जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे दारिद्र्यात असलेल्यांचे प्रमाण एका वर्षात १३ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेले. पुढच्या वर्षी देशांतर्गत कर्जाची फेररचना झाली तेव्हा व्यापारी बँका बाजूला राहिल्या आणि कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीवर भार आला. कापडाच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसणाऱ्या बाईच्या म्हातारपणाच्या पैशातून राज्यकर्त्याची चूक दुरुस्त झाली. तिला कोणी विचारले नव्हते.

म्हणून मला वाटते, "मी दुरुस्त करतो" म्हणणाऱ्याला आपला पहिला प्रश्न पैशांचा असायला हवा. कोणाच्या पैशाने? आणि दुसरा प्रश्न, जे तुम्हाला आधी सांगत होते ते आज कुठे आहेत? या दोन प्रश्नांची उत्तरे हातात असतील तर पद सोडा असे म्हणण्याची गरजही कदाचित पडणार नाही. नसतील, तर कितीही डोळे भरून आले तरी त्या माणसाच्या हाती दुरुस्तीचे काम देऊ नये.

श्रीलंकेच्या न्यायालयाने आपले काम उशिरा का होईना, केले. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या श्रीलंका शाखेने आणि काही नागरिकांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. त्यांत ज्युलियन बोलिंग हे माजी जलतरणपटूही होते. १४ नोव्हेंबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने गोटाबाया, महिंद आणि बासिल हे तिघे भाऊ, तसेच मध्यवर्ती बँकेचे माजी गव्हर्नर आणि अर्थखात्याचे अधिकारी यांना जनतेच्या विश्वासाचा भंग केल्याबद्दल आणि आर्थिक अरिष्टाला हातभार लावल्याबद्दल जबाबदार धरले. अर्जदारांना प्रत्येकी दीड लाख रुपये खर्चापोटी मंजूर झाले. नुकसानभरपाई अर्जदारांनी मागितलीच नव्हती. मला ही गोष्ट मोठी वाटते. त्यांना पैसे नको होते, नोंद हवी होती.

आणि तरी, मार्च २०२४ मध्ये गोटाबाया राजपक्षे यांचे पुस्तक आले. आपल्याला पदावरून हटवण्याच्या कटाविषयीचे. परकीय शक्तींनी सत्तापालट घडवला, असा त्याचा सूर. एप्रिल २०२२ मध्ये चूक आमची होती, दोन वर्षांनी दोष परक्यांचा झाला. मला या माणसाची मनोवृत्ती तपासायची नाही. मी फक्त तारखा शेजारी शेजारी ठेवतो. पद धोक्यात असताना कबुली, पद गेल्यावर कट. त्या कबुलीवर भरवसा ठेवून लोकांनी तंबू उठवले असते, तर काय झाले असते याचा विचार करा.

लोकांनी ते उठवले नाहीत आणि पुढे मतपेटीशी गेल्यावरही ते काही विसरले नाहीत. २०२० मध्ये राजपक्षे यांच्या आघाडीला संसदेच्या २२५ पैकी १४५ जागा मिळाल्या होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांच्या पक्षाला तीन मिळाल्या. मात्र पाच वर्षांनी येणाऱ्या मतदानावर सगळे सोडून देणे मला पुरेसे वाटत नाही. तोवर एखादा महा हंगाम हातचा गेलेला असतो.

खऱ्या दुरुस्तीचा एक तुकडा तिथे झाला आहे, त्याची फारशी चर्चा होत नाही म्हणून सांगतो. राजपक्षे यांच्या काळात तूट भरून काढायला मध्यवर्ती बँकेने बेसुमार नोटा छापल्या आणि बँकेच्या मंडळावर सरकारचा वित्त सचिव बसलेला असे. २०२३ मध्ये नवा कायदा आला. सरकारला थेट पैसा पुरवण्यास बँकेला मनाई झाली आणि सचिवाची मंडळावरची जागा गेली. यात कोणाची कबुली नाही, कोणाचे वचन नाही. पुढच्या राज्यकर्त्याला वाटले तरी त्याला ते करता येऊ नये, एवढीच व्यवस्था आहे. खतबंदीसारख्या निर्णयासाठीही असा कायदा हवा. ज्या निर्णयाने देशाचे पीक धोक्यात येऊ शकते, त्यावर कृषी विद्यापीठांचे लेखी मत आधी प्रसिद्ध झाले पाहिजे, संसदेत त्यावर चर्चा झाली पाहिजे, आणि विरोधी मत देणाऱ्या अधिकाऱ्याची बदली त्या हंगामापुरती तरी करता येऊ नये. आपल्या राज्यातल्या कृषी विद्यापीठांच्या प्राध्यापकांनी आणि शेतकरी संघटनांनी या मागणीचा मसुदा एकत्र बसून तयार करावा, अशी माझी विनंती आहे. आज या सभागृहात त्यांतले काही जण बसले आहेत. त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे.